रुमालाखालचा भाव

आमच्या सासूबाईंकडे हिऱ्याच्या कुड्यांचा एक जोड आहे. सात-सात खड्यांचा. त्यांच्या लग्नात त्यांच्या आजीनं स्वतःच्या कानातून काढून दिलेला. सणासुदीला कपाटातला पितळी डबा उघडायचा, कापसात गुंडाळलेल्या कुड्या बाहेर काढायच्या, कानात घालायच्या आणि दिवेलागणीनंतर आरशापुढे एकदा मान वळवून बघायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा रिवाज. "काही झालं तरी माझ्या कुड्या आहेत हो," हे वाक्य मी लग्न होऊन या घरात आल्यापासून ऐकते आहे. दिरांच्या आजारपणात ऐकलं, घराच्या दुरुस्तीच्या वेळी ऐकलं. कुड्या मात्र कधी डब्यातून बाजारात गेल्या नव्हत्या.

माझ्या मुलीच्या कॉलेजप्रवेशाच्या वेळी ती वेळ आली. फीचा आकडा ऐकून आम्ही नवराबायको एकमेकांकडे बघत बसलो, तेव्हा सासूबाईच उठल्या आणि डबा घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सराफकट्ट्यावर गेलो. पहिल्या दुकानात मालकांनी डोळ्याला भिंग लावलं, कुड्या इकडून तिकडून फिरवल्या आणि म्हणाले, "आजी, घाट फार जुना आहे. पैलू आताचे नाहीत." आणि एक आकडा सांगितला. दुसऱ्या दुकानात त्याहून पुष्कळ मोठा आकडा सांगितला, पण "खडे मोडून बघितल्यावर पक्कं सांगू" अशी मेख मारून. तिसऱ्यानं पहिल्याच्याही निम्म्यानं मागितल्या! तीन दुकानं, तीन भाव, आणि कुड्या त्याच.

परत येताना रिक्षात सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "काय गं, सोन्याचा भाव रोज पेपरात येतो. हिऱ्याचा का येत नाही?"

मैत्रिणींनो, प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता येईना. ते शोधायला म्हणून मी वाचनालयातून पुस्तकं आणली आणि बघता बघता थेट कृष्णेच्या काठी, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका खाणीवर जाऊन पोचले. तीच हकिगत आज तुम्हांला सांगणार आहे.

सगळ्या जगाचा हिरा आपल्याकडचा

अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जगात जिथं जिथं हिरा होता, मग तो रोमच्या सरदाराच्या अंगठीतला असो की इराणच्या शहाच्या मुकुटातला, तो बहुतेक सारा हिंदुस्थानातून गेलेला होता. बोर्निओ बेटावर थोडेफार हिरे सापडत, तेवढाच काय तो अपवाद. आपल्याकडे कृष्णेच्या खोऱ्यात, बुंदेलखंडात पन्नाच्या परिसरात, ओरिसात महानदीच्या काठी संबळपूरजवळ हिरे निघत. आणि हो, आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वैरागडलाही! अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलनं 'ऐन-इ-अकबरी'त वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीची नोंद करून ठेवली आहे.

हिऱ्याला आपल्या जुन्या ग्रंथांत 'वज्र' म्हणतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चांगलं वज्र कसं ओळखावं ते दिलं आहे: वजनाला भारी, घाव सोसणारं, कोपरे सारखे असलेलं, झळाळणारं. म्हणजे त्या काळीही राजाच्या कोठारात हिरा पारखून घेणारा माणूस नेमलेला असे. पुढं 'रत्नपरीक्षा' हे एक शास्त्रच झालं. तांदळाच्या दाण्यांनी हिऱ्याचं वजन करत, आणि वजन वाढलं की भाव नुसता वाढत नसे, उड्या मारत वर जाई.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं 'बृहत्संहिते'त हिऱ्यावर एक प्रकरण लिहिलं आहे. त्यात काही आचार्यांचं असं मत दिलं आहे की, मुलगा व्हावा अशी इच्छा असणाऱ्या बाईनं हिरा मुळी अंगावर घालूच नये! त्यातल्या त्यात शिंगाड्याच्या किंवा धन्याच्या आकाराचा असला तर चालेल म्हणे. सासूबाईंना हे वाचून दाखवलं, तेव्हा त्या कानाला हात लावून म्हणाल्या, "मला तर कुड्या घालूनच तीन मुलगे झाले."

अशा समजुती हिऱ्याभोवती पुष्कळ. खरा हिरा ऐरणीवर ठेवून घण घातला तरी फुटत नाही, हा दृष्टान्त आपण कीर्तनात ऐकत आलो. हिरकणी गिळून जीव दिल्याच्या गोष्टी तर प्रत्येक ऐतिहासिक नाटकात. पण गार्सिया द ओर्ता नावाचा एक पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्याला आला आणि तिथंच राहिला. (आपलं मुंबई बेट काही काळ याच गृहस्थाकडे पट्ट्यानं होतं, बरं का!) त्यानं 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात या दोन्ही समजुती खोडून काढल्या. हिरा हातोडीनं सहज फुटतो, असं तो स्वच्छ लिहितो. आणि विषाबद्दल म्हणतो, की खाणीतले मजूर चोरून नेण्यासाठी हिरे गिळतात, त्यांना काही होत नाही.

त्याचं म्हणणं आजच्या शास्त्रालाही मान्य आहे. हिऱ्याइतकं कठीण नैसर्गिक खनिज दुसरं नाही, म्हणजे त्याच्यावर दुसऱ्या कशानं चरा उठत नाही. पण तो ठिसूळ असतो. विशिष्ट दिशेनं ठोका बसला की त्याचे सरळ दोन तुकडे होतात. तेव्हा अंगठीतला हिरा घालून खलबत्त्यात दाण्याचं कूट करू नका, एवढं लक्षात ठेवा!

सूप, मुसळ आणि हिरा

आता खाणीवर जाऊ या. गोवळकोंड्याचे हिरे म्हणून जे जगभर गाजले, त्यातला एकही गोवळकोंड्याच्या किल्ल्यात सापडलेला नाही. गोवळकोंडा ही कुतुबशाहीची राजधानी आणि हिऱ्यांची बाजारपेठ. खाणी तिथून बऱ्याच लांब. त्यांतली सर्वांत नावाजलेली कोल्लूरची, कृष्णेच्या उजव्या तीरावर, आजच्या आंध्र प्रदेशात.

या खाणीचं वर्णन आपल्याला मिळतं ते जाँ-बाप्तिस्त तॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याच्या लेखणीतून. 1630 ते 1668 या काळात त्यानं पूर्वेकडे सहा सफरी केल्या. म्हणजे इकडे सह्याद्रीत शिवाजीमहाराज जन्माला आले, मोठे झाले, त्यांनी राज्य उभं केलं, नेमका तोच काळ. तॅव्हर्निएचं पुस्तक 1676 साली प्रसिद्ध झालं. तो लिहितो, की कोल्लूरला साठ हजार माणसं काम करीत होती: पुरुष, बायका आणि मुलंसुद्धा.

पुरुष खणायचे, आणि बायका-मुलं माती वाहायची. काम सुरू करण्यापूर्वी खाणीचा मालक आपले आप्तेष्ट बोलावून देवाची पूजा करी, सगळ्यांच्या कपाळी केशरी गंध आणि तांदळाचे दाणे लागत, पानांवर जेवण होई. जवळच एक सपाट जागा करून तिला हात-दीड हात उंचीची भिंत घालत. दहा-चौदा फूट खणून पाणी लागेपर्यंत जी माती निघे, ती टोपल्यांनी वाहून या वाफ्यात आणून टाकायची. मग तिच्यावर पाणी ओतून ती एक-दोन दिवस भिजत ठेवायची. पातळ रबडी झाली की भिंतीच्या बुडाशी ठेवलेली भोकं उघडायची, गाळ वाहून जायचा, मागं रेती राहायची. ती उन्हात वाळवायची. आणि मग?

मग ती सुपानं पाखडायची! आपण धान्य पाखडतो तशीच. बारीक माती उडून गेली की राहिलेला भाग पसरून लाकडी मुसळांनी चेचायचा, पुन्हा पाखडायचा, आणि शेवटी सगळ्यांनी ओळीनं बसून हातानं निवडायचा.

मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून क्षणभर बसून राहिले. हिरा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढं राजेरजवाडे येतात. तो पहिल्यानं हाती आला तो मात्र पाखडताना आणि निवडताना. तांदळातला खडा आपण ज्या बोटांनी काढून टाकतो, तशाच बोटांनी कुणीतरी रेतीतला हा खडा उचलून बाजूला ठेवला.

आणि मोबदला? कामात चांगला मुरलेल्या माणसालाही वर्षाला तीन होनांपलीकडे मिळत नाही, असं तॅव्हर्निएनं लिहून ठेवलं आहे. त्यामुळं हिरा लपवण्याचा मोह कुणाला झाला, तर त्याला नवल वाटत नाही. म्हणून पन्नास मजुरांवर बारा-पंधरा पहारेकरी. कुणाला खरोखर मोठा खडा सापडला आणि त्यानं तो इमानानं मालकाकडं नेऊन दिला, तर बक्षीस म्हणून पागोट्याचं कापड, थोडी रोकड, तांदूळ आणि ताटभर साखर मिळे. ताटभर साखर!

झाडाखालची पोरं

खाणीतून निघालेल्या हिऱ्याचा पहिला बाजार कसा भरे, तेही तॅव्हर्निएनं पाहिलं होतं. रावळकोंड्याच्या खाणीवर तो सांगतो तो देखावा मला फार आवडला.

रोज सकाळी गावच्या चौकातल्या एका मोठ्या झाडाखाली व्यापाऱ्यांची मुलं येऊन बसत. वय दहा ते पंधरा-सोळा. प्रत्येकाच्या एका बाजूला हिऱ्याच्या वजनांची पिशवी, दुसऱ्या बाजूला होनांची थैली. कुणी हिरा विकायला आणला की तो सर्वांत थोरल्या मुलाच्या हाती द्यायचा. तो बघून शेजारच्याकडे देणार, तो पुढच्याकडे. कुणी एक शब्द बोलायचा नाही. हिरा फिरून परत थोरल्याकडे आला की तो भाव विचारणार आणि पटला तर घेणार. जादा भावानं घेतला, तर तोटा ज्याचा त्यानं सोसायचा!

संध्याकाळी सगळी मुलं दिवसभराची खरेदी पुढ्यात घेऊन बसत. पाणी, वजन, निर्मळपणा यांप्रमाणे खडे वेगळे करीत आणि मोठ्या व्यापाऱ्यांकडे नेऊन विकत. नफ्याची सारखी वाटणी, थोरल्याला मात्र शेकडा पाव टक्का जास्त. आपली पोरं त्या वयात आठवड्याच्या खाऊच्या पैशांचा हिशोब देत नाहीत! शाळा नाही, पाटी नाही, पण नजर अशी तयार व्हायची.

नजरेचंच सगळं काम. युरोपात हिरा दिवसाउजेडी पारखत, आपल्याकडे रात्री. भिंतीतल्या कोनाड्यात मोठ्या वातीचा दिवा ठेवायचा, हिरा चिमटीत धरायचा आणि त्या उजेडात त्याचं पाणी बघायचं. निळसर झाक आहे का, हे बघायला दाट पानांच्या झाडाच्या सावलीत न्यायचं. म्हणजे सासूबाई दिवेलागणीनंतर आरशापुढं मान वळवतात, त्यात नुसती हौस नव्हे, जुनं शास्त्रही आहे म्हणायचं!

रुमालाखाली

आता येतो आमच्या मूळ प्रश्नाकडे. भावाकडे.

मोठा सौदा करायचा असला की घेणारा आणि देणारा समोरासमोर मांडी घालून बसत. एकजण कमरेचा शेला सोडी. दुसऱ्याचा उजवा हात हातात घेऊन त्यावर तो शेला टाकी, आणि त्याखाली बोटांनी बोलणं सुरू होई. सबंध हात धरला की हजार, आणि जितक्यांदा दाबला तितके हजार. पाच बोटं धरली की पाचशे, एक बोट म्हणजे शंभर, मधल्या पेरापर्यंत अर्धं बोट म्हणजे पन्नास, टोकाचं पेर म्हणजे दहा. तोंडातून शब्द नाही, चेहऱ्यावर रेषा नाही. भोवती दहा माणसं बसलेली असोत, त्यांच्यादेखत एकच पुडी अनेकदा विकली जाई आणि कितीला गेली हे त्या दोघांवाचून कुणाला कळत नसे.

खेड्यात वाढलेल्या मैत्रिणींना हे नवीन वाटायचं नाही. आपल्याकडच्या बैलबाजारात उपरण्याखाली किंवा रुमालाखाली बोटं दाबून सौदे होत, ते त्यांनी वडिलांच्या मागं उभं राहून पाहिलेलं असेल.

असं का? तर सोन्यासारखा हिरा एकसारखा नसतो. सोनं वितळवता येतं, त्याचा कस लावता येतो, एक तोळा सोनं दुसऱ्या तोळ्यासारखंच. हिरा एकासारखा दुसरा नाही. वजन तेच असलं तरी एकाचं पाणी पांढरं, दुसऱ्यात पिवळी झाक, तिसऱ्यात बारीकसा डाग. शिवाय तॅव्हर्निएनं भावाचा जो नियम दिला आहे, त्याप्रमाणे वजन दुप्पट झालं की किंमत दुप्पट नव्हे, चौपट होते. तिप्पट झालं तर नऊपट. मग पेपरात छापणार काय? हिऱ्याचा भाव म्हणजे त्या दोन माणसांमध्ये, त्या घटकेला, त्या कापडाखाली जे ठरलं ते. ज्याला नजर आहे आणि ज्याला घाई नाही, त्याचा हात वर. आणि ज्याला गरज आहे, त्याचा हात नेहमीच खाली.

सराफकट्ट्यावर आम्ही दोघी गरजेनं गेलो होतो. समोरच्यांना ते आमच्या चेहऱ्यावर वाचता आलं असणार!

पोवळ्याच्या बदल्यात

पण हा सगळा व्यापार नुसत्या लपवाछपवीचा होता असं समजू नका. तो उभा होता विश्वासावर. खाणवाले सकाळी दहा-अकराच्या सुमाराला हिऱ्यांची पुडी घेऊन परक्या व्यापाऱ्याच्या बिऱ्हाडी येत. माणूस विश्वासाचा वाटला, तर निवांतपणे पारखायला म्हणून ती पुडी सात-आठ दिवस त्याच्याकडे ठेवून जात!

या विश्वासाची सर्वांत सुंदर गोष्ट गोव्यातली आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात 'एर्गास आणि सिल्व्हेरा' ही ज्यू व्यापाऱ्यांची पेढी होती. त्यांचा हिऱ्याचा व्यापार चाले तो गोव्यातल्या कामत घराण्यातल्या सारस्वत व्यापाऱ्यांशी. एक ज्यू, एक हिंदू. मध्ये दोन समुद्र आणि पोर्तुगीजांचं कॅथलिक राज्य. एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नाही, भाषा निराळ्या, पत्रं पोर्तुगीजमध्ये लिहायची. पत्र गेलं की उत्तराची वाट वर्ष उलटून जाईपर्यंत बघायची. बुडवलं तर कोर्टात ओढून नेण्याची सोयही जवळपास नव्हतीच. तरी व्यापार वर्षानुवर्षं चालला, कारण एकदा नाव गेलं की पुन्हा कुणी पुडी पाठवणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आणि हिऱ्याच्या बदल्यात लिव्होर्नोहून काय येई, ठाऊक आहे? पोवळी! भूमध्य समुद्रातून काढलेली, लिव्होर्नोत मणी करून ओवलेली लाल पोवळी गोव्याला उतरत आणि इकडच्या मुलखात विकली जात. लंडनचे ज्यू व्यापारीही असंच पोवळं मद्रासला पाठवून तिथून हिरे नेत. तुमच्या आजेसासूबाईंच्या गाठल्यात जुनं पोवळं असलं, तर त्याच्या मोबदल्यात कृष्णाकाठचा एखादा हिरा कुणा परदेशी बाईच्या बोटात गेलेला असेल. काय सांगावं!

तीन होन आणि अठ्ठेचाळीस हजार होन

हिरा खाणीपासून जसजसा लांब गेला, तसतसा पैसा वाढत गेला. त्याचा हिशोब एकाच हिऱ्यावरून सांगते.

कोल्लूरच्या खाणीत अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर 410 कॅरटचा एक प्रचंड हिरा सापडला. एका मजुरानं पायाची जखम करून तिच्यात तो लपवून नेला आणि त्यापायी त्याचा जीव गेला, अशी दंतकथा आहे. दंतकथा बाजूला ठेवू. इतिहासात नोंद आहे ती अशी, की जामचंद नावाच्या हिंदी व्यापाऱ्यानं तो मद्रासला इंग्रजांचा गव्हर्नर टॉमस पिट याला दाखवला. सुरुवातीची मागणी दोन लाख होनांची. घासाघीस होता होता 1702 साली सौदा तुटला तो अठ्ठेचाळीस हजार होनांवर, म्हणजे सुमारे वीस हजार पौंडांवर. पिटनं तो लंडनला पाठवून पैलू पाडून घेतले आणि 1717 साली फ्रान्सचा कारभारी ड्यूक ऑफ ऑर्लिन्स याला एक लाख पस्तीस हजार पौंडांना विकला. 'रीजंट' या नावानं तो आज पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. तॅव्हर्निएनं दिलेल्या वर्षाला तीन होनांच्या हिशोबानं अठ्ठेचाळीस हजार होन कमवायला एका मजुराला सोळा हजार वर्षं लागली असती. आणि हा झाला मद्रासचा भाव, पॅरिसचा नव्हे!

सगळेच हिरे सौद्यातून गेले असंही नाही. नाशिकचा हिरा म्हणून जो प्रसिद्ध आहे, तो त्र्यंबकेश्वराच्या मंदिरात होता असं सांगतात. 1818 साली पेशवाई बुडाली तेव्हा तो इंग्रजांच्या हाती पडला आणि लंडनच्या बाजारात गेला. कोहिनूर 1849 साली तहात लिहून घेतला, तो दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून. तिथं रुमालही नव्हता आणि भावही नव्हता.

ब्राझीलचा माल, गोव्याचं नाव

मग आपली ही मिरासदारी संपली कशी? 1720 नंतरच्या दशकात ब्राझीलमध्ये सोनं शोधताना हिरे सापडले. तिथं पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि खाणीत राबत होते आफ्रिकेतून आणलेले गुलाम. माल इतका आला की युरोपात भाव कोसळले. तेव्हा हिंदी हिऱ्यांचा साठा बाळगून बसलेल्या युरोपातल्या व्यापाऱ्यांनी आवई उठवली, की ब्राझीलचे हिरे खरे तिथले नव्हेतच, गोव्याहून तिकडे नेलेला तो हलका माल आहे! यावर पोर्तुगीजांनी काढलेली तोड मोठी मासलेवाईक सांगतात. त्यांनी ब्राझीलचे हिरे खरोखरच गोव्याला आणले आणि तिथून 'हिंदी हिरे' म्हणून युरोपला पाठवले. हिरा तोच, पण नाव बदललं की गिऱ्हाईक खूश!

हळूहळू आपल्या खाणी ओस पडल्या. पुढं 1867 पासून दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडू लागले आणि व्यापाराची सूत्रं पार दुसरीकडे गेली. कोल्लूरची जागा आता पुलिचिंतला धरणाच्या पाण्याखाली आहे. आता उलटी गंगा वाहते. परदेशच्या खाणींतले कच्चे हिरे सुरतेला येतात, तिथं त्यांना पैलू पडतात आणि ते पुन्हा परदेशी जातात.

पण एक गोष्ट संपलेली नाही. आंध्रात अनंतपूर आणि कर्नूल भागात पावसाची पहिली सर पडून गेली, की आसपासच्या गावांतली माणसं, त्यांत बायकाही असतात, शेतांतून वाकून वाकून चालताना दिसतात. पावसानं धुतलेल्या मातीत एखादा खडा चमकतो का ते बघत. कुणाला सापडतोही. तो विकत घ्यायला दलाल टपलेलेच असतात, आणि भाव काय द्यायचा ते बहुतेक दलालच ठरवतो. साडेतीनशे वर्षांत रुमाल गेला, पण पहिल्या हाताला मिळणारा वाटा काही फारसा बदलला नाही.

मग कुड्यांचं काय झालं?

हे सगळं मी सासूबाईंना रोज दुपारी थोडं थोडं वाचून दाखवलं. सुपाचं आणि मुसळाचं ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे हिरा काय, आणि डाळ-तांदूळ काय, निवडायचं बायकांनीच!" ताटभर साखरेचं ऐकून मात्र काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हातातल्या पाटल्या काढून माझ्यापुढं ठेवल्या. "याचा भाव पेपरात येतो," एवढंच म्हणाल्या. फी भरली गेली. कुड्या डब्यात राहिल्या. "मुलीच्या लग्नात तिच्या कानात घालीन. विकायला म्हणून आता कधी काढायच्या नाहीत. हिरा घालायला असतो, अडचणीला सोनं," असा त्यांनी निकाल दिला.

मला तो पटला. हिरा घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. हौस जरूर करावी. पण हिऱ्याला अडीअडचणीची शिल्लक समजू नये. आणि घ्यायचा झालाच तर भाव रुमालाखालून बाहेर काढून घ्यावा. त्यासाठी आम्ही आमच्यापुरती जी खूणगाठ बांधली, ती तुमच्यासाठी देते.

बिलावर सोन्याचं वजन आणि हिऱ्यांचं वजन वेगवेगळं लिहून घ्या. एक कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम. खड्याचं वजन सोन्याच्या भावानं लावलेलं नाही ना, ते पाहा. मोठा खडा असेल तर प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा. हिरा खाणीतला आहे की प्रयोगशाळेत तयार केलेला, हे स्पष्ट विचारा आणि बिलावर लिहून घ्या. दोन्हींत नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही, किमतीत मात्र फार मोठा असतो. परत द्यायचा झाला तर दुकान किती वजावट करील, तेही आधीच लेखी घ्या. आणि विकायला जाल तेव्हा निदान तीन दुकानं फिरा. गरज कितीही असली, तरी पहिल्या दिवशी सौदा करू नका.

जपणुकीचंही थोडं सांगते. हिऱ्याला तेलाचं भारी वेड. हात लागला, केसांचं तेल लागलं की त्यावर पातळ थर बसतो आणि चमक मंद होते. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून दागिना थोडा वेळ ठेवा आणि मऊ ब्रशनं, विशेषतः खड्याच्या मागच्या बाजूनं, अलगद घासा. हे काम वाटीत करा, मोरीत किंवा सिंकवर नको. आणि हिऱ्याचे दागिने मोत्या-पोवळ्यांबरोबर एका डबीत ठेवू नका. हिरा त्यांच्यावर चरे पाडतो. इतिहासात त्यांनी एकाच जहाजातून प्रवास केला असेल, पण तुमच्या कपाटात त्यांना वेगळं बिऱ्हाड द्या!

या दिवाळीत सासूबाईंनी कुड्या घातल्या, तेव्हा दिवेलागणीला त्यांनी मला जवळ बोलावलं. देवाच्या कोनाड्यातल्या समईपुढं मान वळवली आणि विचारलं, "पाणी कसं आहे गं?"

मी नीट निरखून बघितलं आणि त्यांचा हात माझ्या पदराखाली घेऊन सबंध दाबला. एकदा, दोनदा, तीनदा.